दर्भाचा अंगठा

देवयानी टिपणीसच्या घराची बेल अंगठ्याने दाबावी लागते. बोटाने दाबली तर वाजत नाही. कोपर स्टेशनजवळच्या त्या जुन्या इमारतीत बाकी सगळ्यांनी दारावर नव्या बेल लावून घेतल्या. कोणाकडे चिमणी ओरडते, कोणाकडे आरती सुरू होते, पण टिपणिसांकडे अजून तेच काळं, वाटोळं बटण आहे. खाडीवरच्या खाऱ्या हवेने आतली स्प्रिंग जाम झाली आहे, एवढं साधं त्याचं कारण. त्यामुळे येणारे सगळे कडी वाजवतात. मीही इतकी वर्षं कडीच वाजवत आले. ती बेल वाजवणारा माणूस एकच होता, देवयानीचा नवरा गुरुदत्त. तो अंगठा टेकवायचा आणि आतून 'आले, आले' ऐकू येईपर्यंत उचलायचा नाही.

मी हेमा. देवयानी आणि मी डोंबिवलीच्या एकाच कॉलेजात शिकवलं, ती वनस्पतिशास्त्र आणि मी रसायनशास्त्र. आता दोघी निवृत्त आहोत. मी कोलशेतला मुलाच्या टॉवरमध्ये राहते, खिडकीतून खाडी दिसते आणि दिवसभर लिफ्टची वाट बघावी लागते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा समज उलट होईल आणि ते मला अजिबात चालणार नाही.

देवयानी तशी चारचौघींसारखी होती. पेपर तपासायची, पावभाजी आवडायची, साड्यांच्या बाबतीत रंगांधळी. गुरुदत्त शहाडच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये उल्हास नदीला तो मोठा पूर आला, त्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा स्कूटर घेऊन निघाला. दारातून 'येतो' म्हणाला. देवयानीने ओट्यापाशी उभं राहून, मान न वळवता 'ये' म्हटलं. रोज असंच म्हणतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुपारी कारखान्यात पाणी शिरायला लागलं तसा तो बाहेर पडला, आणि त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही.

तो सापडला नाही, स्कूटर सापडली. काही आठवड्यांनी, नदीकाठच्या एका भिंतीमागे, उताणी. घरी आणली तेव्हा डिकी गाळाने गच्च भरलेली होती. दीर म्हणाले धुऊन टाकू. देवयानीने हात लावू दिला नाही. चमच्याने तो गाळ उकरून स्टीलच्या डब्यात भरला, डबा कॉलेजात आणला आणि माझ्या प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, हेमा, हायड्रोक्लोरिक दे जरा. मी दिलं. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. वाईटही वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

पण ती काय करत होती ते तिला नीट माहीत होतं. झाड पाणी पितं तेव्हा मातीतली वाळूही विरघळलेल्या रूपात पोटात घेतं. ती त्याच्या पेशींमध्ये साठते आणि काचेसारखी घट्ट होते. पेशीचा जो आकार, तोच त्या काचेचा. झाड कुजू दे, जळू दे, गुराच्या पोटातून जाऊ दे, त्या कणांना काही होत नाही. हजारो वर्षं मातीत पडून राहतात. शास्त्रात त्यांना फायटोलिथ म्हणतात. गाळ आम्लात उकळायचा, धुवायचा, जड द्रवावर तरंगवून हे कण वेगळे करायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. भाताच्या तुसाचा कण दोन शिंगांचा, कुठल्या गवताचा डमरूसारखा, कुठल्याचा घोड्यावरच्या खोगिरासारखा. कण ओळखता आले की त्या जागी पूर्वी काय उगवत होतं ते कळतं. शेत होतं, दलदल होती की माळ होता.

डिकीतल्या गाळात तिला भात दिसला, लव्हाळी दिसली. त्यावरून पाण्याने स्कूटर कुठून कुठे ओढत नेली असेल याचा तिने अंदाज बांधला. त्या अंदाजाने ती काठाकाठाने हिंडली. गुरुदत्त तिथेही नव्हता. मग तिने पुढचा गाळ आणला, मग त्याच्या पुढचा. नवऱ्याला शोधता शोधता ती त्या शास्त्रात शिरली आणि पन्नाशीला आल्यावर त्यातच पीएचडी झाली. लोक म्हणायचे, बघा किती धीराची. मी तसं कधी म्हटलं नाही. मला दिसत होतं की ही बाई अजून डिकीच उकरते आहे.

यात एक कटकट असते. गाळातला कण कुठल्या झाडाचा हे ओळखायचं तर ते झाड आधी स्वतः जाळून त्याची राख बघून ठेवावी लागते. त्यामुळे तिच्या गॅलरीत छोटी विजेची भट्टी होती आणि ती सतत काहीतरी जाळत असायची. गवती चहा, बांबू, नाचणीचं काड, कांदळवनाची पानं. राखेच्या चिमुकल्या बाटल्या आणि काचपट्ट्यांच्या पेट्या कपाटात, साड्यांच्या खाली. समोरच्या ब्लॉकमध्ये नव्याने लग्न होऊन आलेल्या करिश्माने एकदा मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं की टिपणीस काकू रोज काय जाळतात. मी म्हटलं, करणी करते, सध्या तुझ्यावरच चालू आहे. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मग शहाडचा गाळ आला.

शहाडला नदीवर एक जुना घाट आहे. त्याच्या खालच्या अंगाला पाणी संथ आहे, वरून येणारा गाळ तिथे शांतपणे बसतो. देवयानीने तिथे लांब पाइप ठोकून वर ओढला आणि उभा चिरला. आत थर जसेच्या तसे होते, खाली जुने, वर नवे. मधूनमधून जाड वाळूचे पट्टे, म्हणजे मोठे पूर. आणि प्रत्येक पुराच्या पट्ट्यावर बोटभर साधा गाळ, मग एक काळपट रेघ. प्रत्येक वेळी अंतर तेच, दहा-बारा वर्षांत साठेल एवढं. त्या रेघेत खोगिराच्या आकाराचे कण खच्चून भरलेले, धुराने काळवंडलेले, आणि त्यांच्यात जवाच्या फोलपटाचे. जव आपल्या बाजूला पिकत नाही. भात, नाचणी, वरी पिकते. मग नदीकाठी, दर पुरानंतर, तेवढाच काळ थांबून, कोण कुठलंसं गवत आणि जव एकत्र जाळत होतं? तिला काही उमगेना. मी म्हटलं, असेल कोणाची तरी शेकोटी. ती म्हणाली, शेकोटीला कोणी इतकी वर्षं थांबत नाही.

याच सुमारास कलावतीकाकू, म्हणजे तिच्या सासूबाई, पडल्या. पंच्याऐंशीच्या होत्या. हाड मोडलं नाही पण धीर मोडला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून त्याचे अंत्यविधी करायचे असतात, पण ती वेळ येऊन गेली तेव्हा काकूंनी साफ नकार दिला होता. तो पाण्यात उभा आहे, उभ्या माणसाला जाळायचं का, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांनीच सुनेला जवळ बसवून सांगितलं, "मी जायच्या आत त्याचं करून टाका. मी गेले आणि तो तिथे नसला तर मी कोणाकडे बघू?" त्यानंतर त्यांचं दुसरं मागणं नव्हतं. मुलगा पलीकडे पोचलेला असावा, मग त्या सुखाने निघणार होत्या.

देवयानीचा मुलगा अद्वय बंगळूरहून आला. विधी शहाडच्या त्याच घाटावर ठरला. देवयानी जशी सोसायटीच्या मीटिंगला जाते तशी गेली, मी सोबतीला होते.

देह नसेल तर देह बनवतात, हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. कल्याणहून आलेले गुरुजी तरुण होते आणि त्यांच्या बोटांत कला होती. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पळसाचे देठ मांडून हात, पाय, फासळ्या केल्या. वर दर्भ गुंडाळून लोकरीच्या धाग्याने बांधला, आणि मग पीठ भिजवून अंगावर मांसासारखं लिंपलं. हातांना बोटं केली. अंगठे वेगळे, गाठ मारून. पाहता पाहता फळीवर एक पुरुष आडवा झाला. त्याला चेहरा नव्हता, तरी मला तिथून नजर हलवता येईना, आणि बघवतही नव्हतं.

देवयानीने विचारलं, पीठ कसलं? गुरुजी म्हणाले, जवाचं. मग सहज बोलल्यासारखे म्हणाले, "बारा वर्षं थांबायचं असतं. तुम्ही फारच थांबलात."

देवयानीने नदीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रडू आलं. मी पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती. ती गाळ मोजत होती. पुराच्या वाळूवर बोटभर गाळ, म्हणजे बारा वर्षं. त्यावरची काळी रेघ म्हणजे दर्भ आणि जव. शेकडो वर्षं प्रत्येक पुराने माणसं नेली, घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली आणि याच घाटावर गवताची माणसं करून जाळली. तिच्या पाइपमध्ये एकावर एक तीच निजलेली होती. हे तिने मला कुजबुजत सांगितलं तेव्हा भर सकाळी, उन्हात, माझ्या अंगावर काटा आला.

पुढे तिने जे केलं ते मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. गुरुजींनी अद्वयला अंघोळीला पाठवलं, सगळे त्याच्याकडे वळले. फळीपाशी ती एकटी होती. तिच्या पर्समध्ये नमुने कापायची बारीक कात्री कायम असते. तिने त्या गवताच्या माणसाचा उजवा अंगठा कापला आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकला. पुरावा हवा होता. तिने लव्हाळ्याचा तुरा जसा घेतला असता तसाच तो घेतला. मग अद्वयने अग्नी दिला, राख नदीत सोडली आणि आम्ही घरी आलो.

अंगठा तिने भट्टीत जाळला, काचपट्ट्या केल्या आणि मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. तंतोतंत तेच. खोगिरं, जवाची फोलपटं, तोच काळसर डाग. तिने मला फोन केला, आणि कित्येक वर्षांनी मी तिला हसताना ऐकलं.

घरी मात्र काहीतरी बिघडलं. विधीनंतर कलावतीकाकू शांत होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. आठ-दहा दिवस झाल्याही. मग दिवेलागणीला त्या खुर्ची ओढून दाराशी बसायला लागल्या. कोणीतरी आहे गं, म्हणायच्या. देवयानी दार उघडायची, बाहेर कोणी नसायचं. पुढे म्हणायला लागल्या, बटण घासतोय. मी एकदा तिथे असताना देवयानीने चहा आणला होता, आम्ही काकूंजवळ बसलो होतो. जिन्यात दिवा लागलेला, समोर करिश्माकडे टीव्ही चालू. काकूंनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "त्याला अंगठा नाही."

मी विचारलं, काकू, कोणाला?

"गुरूला. उजव्या हाताला अंगठाच नाही. मुठीने घासतो बिचारा, वाजत नाही. आणि अंगठ्यावाचून ओंजळ होत नाही हेमा, गळते. पाणी दिलं तरी त्याच्या हातात राहत नाही. तहानेला उभा आहे."

देवयानीच्या हातून कपबशी पडली वगैरे काही झालं नाही. ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. तरी रिक्षात बसताना मनात पाल चुकचुकली, कारण काकूंनी 'उजव्या' हे सांगितलं ते इतक्या सहज, जसं आपण चष्मा कुठे ठेवला ते सांगतो.

पुढच्या आठवड्यात देवयानीने मला बोलावून घेतलं. बेलच्या बटणाभोवती राखाडी डाग पडला होता. करिश्माने तिच्या दारासमोर पुसताना तोही पुसला होता, दोनदा. पुन्हा पडत होता. "काकू, मी घासूनघासून काढलेलं ते, सकाळी परत आलेलं," ती मला म्हणाली, आणि या वेळी मी थट्टा केली नाही. देवयानीने तो डाग पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतला होता. मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मी पाहिलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण खोगीर खोगिरासारखंच दिसतं. काळवंडलेली खोगिरं, एकाला एक लागून.

मी म्हटलं, तुझ्याच हाताचं लागलं असणार. दिवसभर तू तेच चिवडतेस.

ती म्हणाली, हात धुतलेले होते. आणि मग तिने मला कात्रीचं सांगितलं.

मी चिडले. खरं सांगायचं तर घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते. तिला म्हटलं, एवढी शिकलेली तू, आणि ज्या गोष्टीवर तुझा विश्वास नाही तिची चोरी कशाला केलीस? पुरावाच हवा होता तर गुरुजींकडे मूठभर दर्भ आणि पीठ मागायचं होतंस, त्यांनी हसत दिलं असतं.  ती म्हणाली, "बाकी सगळ्यांना काहीतरी मिळतं गं, हेमा. हाडं मिळतात, राख मिळते. मला डिकीतला गाळ मिळाला. फळीवर तो पडलेला बघितला आणि वाटलं, यातलं थोडं आपल्याकडे राहू दे."

माझा नवरा हॉस्पिटलमध्ये, माझा हात धरून गेला. मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही दोघी रडलो.

मग ठरलं की ते परत करायचं. मी म्हटलं, माझा विश्वास नाही, पण म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल. काचपट्टीवर कण बाल्सम नावाच्या चिकट राळेने पक्के बसवलेले असतात, ती झायलीन या द्रवात विरघळते. तेवढं काम माझ्या विषयातलं. एकेक पट्टी बुडवली, धुतली, वाळवली. बाटलीतली राख त्यात मिळवली. अख्खा अंगठा मिळून नखावर मावेल एवढी पांढुरकी पूड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाडला जाऊन ती देवयानीने पाण्यात सोडली. पाणी हललंसुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी काकूंजवळ बसलो. मी मुद्दाम थांबले होते. दिवेलागण झाली. काकू ऐकत होत्या. चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि माझ्या जिवात जीव आला. मग त्या म्हणाल्या, "आला हाताला अंगठा. नख राहिलं."

मी देवयानीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

एक पट्टी तिने ठेवली होती. पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. शोधनिबंधासाठी नाही, निबंधाचा विषय तिने केव्हाच डोक्यातून काढला होता. रात्री सासूबाई झोपल्या की ती मायक्रोस्कोप लावून त्या पट्टीकडे बघत बसायची. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी तो येतो म्हणाला आणि मी ये म्हणाले. तो येतोच आहे, हेमा. मीच बोलावलंय. हे पण देऊन टाकलं तर मग तो कशाला येईल?"

तेव्हा मला कळलं की दाराशी खुर्ची ओढून काकू बसत होत्या, पण वाट बघत होती ती ही.

काकूंनी मग अन्न कमी केलं. नंतर फक्त पाणी, तेही चमच्याने. डॉक्टर येऊन बघून गेले आणि बाहेर येऊन म्हणाले की आत काही शिल्लक नाही, कशावर चालू आहे ते सांगता येत नाही. अद्वय येऊन गेला. मी रोज कोलशेतहून कोपरला यायला लागले. काकूंचे डोळे दाराकडे. देवयानी त्यांचे पाय चेपत बसायची आणि पर्स मांडीवर असायची. एका दुपारी काकूंनी तिचा हात धरला आणि तिचा अंगठा आपल्या मुठीत घेतला, लहान मूल घेतं तसा. म्हणाल्या, "तुला राग नाही ना माझा? मला त्याच्या आधी नाही जाता येत."

देवयानी उठली. मला म्हणाली, चल.

जायच्या आधी तिने पट्टी शेवटची मायक्रोस्कोपखाली लावली आणि मला बघायला सांगितलं. मी पाहिलं. प्रकाशात काचेचे कण, काही स्वच्छ, काही धुरकट, अजिबात न हलणारे. ते गवत होतं. नुसतं बाजारातून आणलेलं गवत. तरी डोळा लावल्यावर मला वाटलं की पलीकडूनही कोणीतरी डोळा लावला आहे, आणि मी झटकन मागे झाले.

शहाडच्या घाटावर मी झायलीनची बाटली काढली. ती नको म्हणाली. काच आणि वाळू काही वेगळी नाही, जाऊ दे तशीच. पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि पट्टी सोडली. पट्टी वाकडीतिकडी चमकत खाली गेली आणि गाळात दिसेनाशी झाली. पुढे कधी कोणी तिथे पाइप ठोकला तर त्याला ती सापडेल आणि तो बुचकळ्यात पडेल, असं मी म्हटलं. देवयानी थोडी हसली. पुढे तिने तो शोध लिहिला, पण ताज्या राखेच्या पुराव्यावाचून. कल्पना रंजक आहे, आधार पुरेसा नाही, असा शेरा मारून संशोधन-पत्रिकेने तो परत पाठवला.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकूंपाशी करिश्मा बसली होती, ती 'येते' म्हणून निघाली आणि समोर तिच्या घरात शिरली. देवयानीने दार लावलं, हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. मी काकूंच्या पलंगाशी स्टुलावर बसले. घरात कसलाही आवाज नव्हता. भट्टी थंड होती.

आणि बेल वाजली.

घासल्यासारखी नाही, अडखळून नाही. लांब, एका दमात, अंगठा टेकवून ठेवल्यासारखी. मी ती बेल वीस वर्षांत ऐकली नव्हती. तिचा आवाज कसा होता तेही विसरले होते, पण ऐकल्याबरोबर ओळखला. बेल वाजत राहिली. देवयानी दिव्यापाशी उभी होती, ती 'आले' म्हणायला तोंड उघडून थांबली, आणि दाराकडे गेली. कडीला हात घातला.

काकू पलंगावर उठून बसल्या होत्या. कशा बसल्या देव जाणे. म्हणाल्या, "उघडू नकोस. सांगायला आलाय. निघतो म्हणतोय."

देवयानीचा हात कडीवर तसाच. बेल वाजतच होती. मला कळत होतं की तिने कडी काढली असती तर मी तिला अडवलं नसतं. आपल्याकडे दारातून निघणाऱ्याला कोणी 'जा' म्हणत नाही. परका असला तरी 'या' म्हणतात. बायको तर मरेपर्यंत 'ये'च म्हणते, तोंडाला दुसरा शब्द येतच नाही. देवयानीने कडीवरचा हात काढला. दाराच्या लाकडाला कपाळ टेकवलं. तिचे खांदे हलत होते, पण आवाज स्वच्छ होता.

"जा," ती म्हणाली.

बेल थांबली. जिन्यात पावलं वाजली नाहीत. काकूंनी उशी नीट करून घेतली आणि विचारलं, आज वरणभात आहे का.